एक घास, एक पाऊल मागे

प्राक्सेदेसबाई माझ्या बाबांची सावत्र आई. मी तिला कधी आजी म्हटलं नाही, आणि तिनेही ते कधी मागितलं नाही.

स्पेनमधल्या यादवी युद्धानंतरच्या दुष्काळात आमच्या ला मांचा भागात खायला उरलं होतं ते लाखेच्या डाळीचं पीठ. त्याचं पिठलं सगळे एकाच कढईतून खायचे. पुढे व्हायचं, घास घ्यायचा, एक पाऊल मागे सरायचं, मग दुसऱ्याची पाळी. बाईने हा रिवाज फक्त बाबांना लावला. तिचा पोटचा फेर्मीन कढईला चिकटून बसायचा आणि बाबा पुढे सरकले की ती हातावर पळी हाणायची. "मागे हो, एउसेबियो. तुझी आई येणारे का वाढायला?" बाबा रानातला काटेरी पाला खुडून खायचे.

वसंतात फेर्मीनचे पाय आखडले. टाचा टेकेनात, गुडघे एकमेकांत अडकायला लागले. तो कायमचा खुर्चीत बसला. सावत्र पोराने नजर लावली, असं बाई गावभर सांगत सुटली.

मी माद्रिदला मेंदूचं शिकायला गेले. नाताळात घरी आले, तेव्हा म्हाताऱ्या बाईने मला बोलावून घेतलं. साठीचा फेर्मीन शेगडीशी संत्रं सोलत होता.

"एवढी शिकलीस ना, मग सांग. काय झालं माझ्या पोराला?"

"मेंदूतली एक पेशी दुसरीला ग्लुटामेट पाठवून निरोप देते," मी म्हणाले. "दुसरीच्या दारात तो घ्यायला रिसेप्टर असतो. लाखेतलं विष ग्लुटामेटचं सोंग घेऊन त्यालाच चिकटतं. मग दार बडवणं थांबतच नाही. पायांना हुकूम देणारी पेशी चेतून चेतून मरते. त्याला एक्सायटोटॉक्सिसिटी म्हणतात."

"म्हणजे रोगच की." तिचा चेहरा उजळला. "पण लाख तर घरात सगळ्यांनीच खाल्ली. एउसेबियो कसा धडधाकट राहिला?"

तिला 'नशीब' एवढंच ऐकायचं होतं. म्हणायला माझं काय जात होतं? पण मला म्हणायचं नव्हतं.

"तुम्ही बाबांना पोटभर दिली नाहीत, म्हणून."

बाईने फेर्मीनकडे पाहिलं. तो संत्र्याच्या शिरा काढत राहिला.

"आई," तो म्हणाला, "मी रोज म्हणायचो. पोट भरलं, आता त्याला दे."

त्यानंतर ती मरेपर्यंत तो तिच्या हातचं जेवला नाही. माझी आई त्याचं ताट घेऊन जायची. बाई दारात उभी राहून ते ताट बघायची, आणि मला तिची दया आली नाही.