सव्वा इंची पाईप

मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले असतील, पण 'तुमच्या नव्याकोऱ्या मॉड्युलर किचनचा ड्रॉवर मागून चार बोटं कापा' हे फार थोड्यांना ऐकावं लागलं असेल. मला लागलं... महिन्यापूर्वीच्या एका रविवारी, सिल्व्हर पार्कमधल्या माझ्याच घरात, आणि तेही प्लंबरच्या तोंडून.

खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा आमच्याकडे राहायला आले. त्यांच्याबरोबर वॉकर आला. बाथरूममध्ये वॉकर आणि वॉशिंग मशीन दोघं मावेनात, आणि बाथरूमला जाताना रोज कुणीतरी हात धरायचा, हे बाबांना नकोसं व्हायचं. म्हणून मशीन किचनमध्ये सिंकच्या जागी आणायचं आणि सिंक तीन फूट पलीकडे सरकवायचं ठरलं. दोघांचं पाणी एकाच पाईपने, ड्रॉवरच्या मागून बाहेर.

प्लंबर साळवी मूळचे रत्नागिरीचे, वीस वर्षं मीरा रोडचे पाईप जोडतायत. त्यांनी माप घेतलं आणि निकाल दिला, "नुसत्या सिंकला दीड चाललं असतं. दोन्ही एकत्र घेताय, तर दोन इंची पाहिजे." दोन इंची टाकला की ड्रॉवर आत जात नव्हता... आणि आवाज न करता बंद होणारी आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट होती.

मी आदल्या दिवशी तीन व्हिडिओ बघितले होते. म्हणजे इंजिनीअरच. म्हटलं, "मशीनचा स्वतःचा पाईप अंगठ्याएवढा असतो. त्याचं पाणी सव्वा इंचीत मावणार नाही?"

"मशीनच्या पाईपाला आतून पंप ढकलतो साहेब. पुढे ढकलायला कोण बसलाय?"

"साळवी, मला सिंक बसवायचंय. नाला नाही."

साळवींनी दारात खुर्ची टाकून बसलेल्या बाबांकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा." बाबा म्हणाले, "त्याचं घर आहे..." झालं. सव्वा इंची बसला. नळ सोडून बघितला, पाणी झकास उतरलं. ड्रॉवरही लोण्यासारखा आत गेला. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला.

पुढचे तीन आठवडे सगळं सुरळीत. पावणेनऊला बायको मशीन लावायची आणि आम्ही दोघं ऑफिसला निघायचो. संध्याकाळी यावं तर किचन कोरडं, ठणठणीत.

फक्त बाबांनी एक नवीन हट्ट धरला... रविवारी मशीन नको, आवाज सहन होत नाही. ज्या माणसाला डोअरबेल ऐकू येत नाही, त्याला मशीनचा आवाज सहन होत नव्हता. आम्ही हसलो आणि रविवारचं मशीन बंद केलं.

गेल्या मंगळवारी मी दाढ काढायला गेलो. साडेनऊला तोंडात बोळा घेऊन परत आलो आणि लॅचने दार उघडलं.

वॉकर किचनच्या दाराशी होता. बाबा सिंकपाशी... पोट ओट्याला टेकवून, एका हाताने ओट्याची कड धरून. सिंक राखाडी फेसाने काठोकाठ भरलेलं, मशीन आणखी पाणी फेकतंय, आणि बाबा मगाने ते काढून बादलीत ओततायत. खाली वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून बादली स्टुलावर. पायाखाली त्यांचाच टॉवेल, भिजलेला. एक पाय सरकला असता तर... घरात कुणी नाही.

मशीन थांबलं. सिंक हळूहळू उतरलं. मग बाबा बादलीतलं पाणी मगामगाने परत सिंकमध्ये ओतायला लागले. भरलेली बादली उचलणार कोण?

मी दिसल्यावर म्हणाले, "आलास? निघाली का दाढ?"

"बाबा, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अरे, तीनदाच तर सोडतं पाणी."

"मग सांगायचं नाही?"

"माझ्यापायी आधीच एवढी तोडफोड... आणि तू त्या ड्रॉवरवर खूश होतास."

मी वॉकर आणून त्यांच्यासमोर धरला.

साळवींना फोन लावला, तर ते शिमग्याला गावी. "देवाची पालखी घरी येऊन गेल्याशिवाय मी हलत नाय साहेब. किती इंची टाकायचा म्हणता?"

"तुम्ही म्हणाल तो."

"म्हणजे नालाच ना?" म्हणाले. मी हो म्हटलं. ड्रॉवर कापायलाही हो म्हटलं.

बायको म्हणाली, तोवर मशीन नको, हाताने धुऊ. मी ऐकलं नाही, आणि का ते मला तिला नीट सांगताही आलं नाही. ऑफिसात अकराला येईन म्हणून कळवलं आणि रोज सकाळी हातात मग घेऊन सिंकपाशी उभा राहिलो. बाबा दारातल्या खुर्चीतून शिकवायचे, "फेस काय काढतोस? फेस फसवतो. तो मग खोल बुडव, खालचं पाणी काढ."

तिसऱ्या पाण्याला माझा खांदा भरून येतो. माझे दोन्ही खुबे शाबूत आहेत. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहणारी माणसं घरात असली, की आपल्याला आपण फार हुशार आहोत असं वाटत राहतं...

उद्या साळवी येतायत. आज सकाळी दुसरं पाणी काढून झालं, तेव्हा बाबा वॉकर ओढून उठायला लागले. "दे इकडे. तुला उशीर होईल."

म्हटलं, "होऊ दे. तुम्ही बसा."