सतरावी मूठ

आमच्याकडे खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, मग तो म्हातारा असो की पाळण्यातला. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर घासभरही द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे रोट खायला मला कुणी अडवलं नाही. माझ्या नावाने मूठ मात्र कधी पडली नाही. लहानपणी मी आबांना, म्हणजे आजोबांना, विचारलं होतं, माझी कुठंय? बापाच्या मुठीतलं खा, म्हणाले. त्याचा मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर पन्नाशी आली तरी तो गेला नव्हता.

पूर्वी आबा नावं म्हणत आणि थोरली काकू मूठ टाकत असे. आबा शंभरीला टेकून गेल्यावर पुण्याच्या चुलतभावाने सुटसुटीत उपाय काढला. मोबाइलवर भाऊबंदांचा ग्रुप आहे, त्यात तो पोल टाकणार, पाळण्यात सध्या कुणी नाही, तेव्हा ज्याने त्याने 'हो' दाबायचं, काकूने ती यादी वाचायची. ग्रुपात सगळे पुरुष, आणि मी. कारण रेल्वेची तिकिटं काढणं, गॅसचा नंबर लावणं, कुणाचं आधार अडलं तर सोडवणं ही कामं माझ्या गळ्यात. बिनलग्नाच्या बहिणीला वेळच वेळ असतो, असा माझ्या भावांचा पक्का समज. पोल आला तेव्हा मी जळगावला ऑफिसात होते. कोण कोण येणार एवढंच विचारलंय असं समजून मीही 'हो' दाबलं.

शनिवारी धुळ्याला काकांकडे पोचले, तर काकू सूप घेऊन बसलेली. मोबाइल डब्याला टेकवलेला. ती एक नाव वाचायची, मूठ टाकायची, वर पाव मूठ टाकायची. मी चहा घेत होते. तिने त्याच सुरात माझंही नाव वाचलं आणि मूठ सुपात पडली. वरची पावही पडली. मी बोलायला हवं होतं. चहा संपला तरी कप तोंडाशी धरून बसले.

काकांनी यादी पाहिली. "सतरा कश्या? आपन ते सोळाच."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, एक मूठ काढून टाका. काकूने सूप जरा हलवलं.

"आते कोनता दाना कोना शे, हाई कोन सांगी?"

काकांनी पुण्याला फोन लावला. चुलतभाऊ म्हणाला, त्यात काय, यादीतून नाव लगेच काढता येतं. "यादीमाईन काढ," काकू म्हणाली, "सूपमाईन निंघाव नही." काका बराच वेळ पुटपुटत होते, पण गहू तसाच दळला गेला.

रविवारी पंगतीत माझ्या ताटात रोट पडला. चव दरवर्षीचीच होती, गव्हाची आणि तुपाची. पण मी कुणाच्या वाट्याचं खात नव्हते. डोळे भरून आले, ते मी चुलीच्या धुरावर ढकलले. त्या घरात चूल नाही, गॅस आहे, हे कुणी काढलं नाही.

यंदा पोल पुन्हा आला. मी त्याला हात लावला नाही. चूक एकदा होऊन गेली, तिच्यावर हक्क सांगणं मला बरं वाटेना. दोन दिवस सोळा नावांवर यादी थांबलेली दिसत होती, आणि मी ती दिवसातून चारदा उघडून पाहत होते. तिसऱ्या दिवशी काकूचा फोन आला.

"यादीमा तुनं नाव नही शे. दाब लवकर, गहू मोजाना शेतस."

"काकांना विचारलंस?"

"तेस्नीच यादी मोजी. म्हनतस, सोळाच कश्या?"