वायरीतून आलेला हात

खरं सांगायचं तर तुम्हा मंडळींचे भुताटकीचे अनुभव मी या ग्रुपवर आजवर करमणूक म्हणून वाचत आले. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक इंद्रायणीत सोडले तेव्हाच भुताखेतांचीही बोळवण झाली, असं माझी आई म्हणते. उतारे, लिंबू-मिरच्या, अंगात येणं... या सगळ्याची मला पहिल्यापासून शिसारी आहे. तरीही लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत माझा आणि थोरल्या भावाचा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, खंडाळ्याच्या बंगल्यांवरचे प्री-वेडिंग. शूटिंग दादाचं, एडिटिंग माझं. इतकी वर्षं आमचं चपलेचं नेटवर्क होतं — म्हणजे एका कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढायची, चपला घालायच्या आणि गॅलरीतून पलीकडच्या खोलीत नेऊन दुसऱ्याला लावायची. गेल्या वर्षी ठरवलं, आता हे पुरे.

दादाला वायफाय हवं होतं, भिंतींना भोकं नकोत म्हणून. मी म्हटलं, आपल्या या जाड भिंतींतून एका लग्नाचं फुटेज जाईपर्यंत त्या जोडप्याचं बारसंसुद्धा शूट करून होईल. शेवटी वायरच ठरली. पुण्याहून चांगली केबल आणली, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच आणला, आणि फुटेज साठवायला एक सामायिक स्टोरेज. इथल्या दमट हवेत पिना गंजतात, म्हणून सॉकेटही भारीतले घेतले. मी भलतीच खूश होते.

नव्या वायरीवरून पहिलं काम पाठवलं ते जवळच्या औंढे गावातल्या पूजाच्या लग्नाचं. लग्नानंतर थोड्याच आठवड्यांत तिची आई गेली होती. तिचा फोन आला होता, "ताई, हळदीत आई कुटं दिसती का बगा ना. उलीशी असली तरी चालंल." मी हार्डडिस्कवरून सगळं फुटेज आधीच पाहिलं होतं. लग्नात आई दोनदा दिसत होती, तीही पाठमोरी. हळदीत कुठेच नव्हती. हे त्या पोरीला कसं सांगायचं, म्हणून मी फोन करायचं टाळत होते.

दुपारी जेवून फाईल पाठवायला लावली आणि वास सुटला. खरकट्याचा. लग्नघरामागे ताटांचा ढीग साचतो, त्यात आमटी, भात, राख आणि साबणाचं पाणी एकत्र आंबतं ना... तो वास. स्विचच्या डब्यापाशी तर उभं राहवेना. दादा म्हणाला, उंदीर मेला असेल. आम्ही भिंतीवरची वायरी झाकणारी पट्टी उघडली, स्विच खोलला. आत धूळसुद्धा नव्हती.

मग मी आलेली फाईल उघडली. अंगणात पूजा पाटावर बसलीय. पाच सवाष्णी ओळीने हळद लावतात, शेवटी तिची चुलती. चुलती हात मागे घेते... आणि बाजूने आणखी एक हात येतो. बांगड्या नसलेला. पाण्यात फार वेळ राहून सुरकुतलेला, पांढराफटक, फुगलेला. नखांत काळं आणि मनगटाला भाताची शितं. तो हात वाटीत बोटं बुडवतो आणि पूजाच्या गालावर टेकतो. मी बेसिनकडे पळाले.

नंतर आम्ही दोघांनी सगळं करून पाहिलं. केबल बदलली, ती खोचायचं पोर्ट बदललं. हार्डडिस्कने नेलेल्या फाईलीत हात नाही. वायरीने आलेल्या फाईलीत आहे. दोन फाईली तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासायचा एक आकडा असतो, चेकसम. तो दोन्हीकडे एकच. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते दोन्हींत काही फरक नाही.

दादा म्हणाला, "याचं रील टाकू. व्हायरल जाईल." त्या हाताची जेवढी किळस आली नव्हती तेवढी मला सख्ख्या भावाची आली. मी पूजाला बोलावून घेतलं.

ती आली ती चुलतीला घेऊनच. चुलतीची काठापदराची साडी, हातभर बांगड्या, चेहऱ्यावर मानपान. मी काही न बोलता फाईल लावली. वास सुटला तसा चुलतीने पदर नाकाला लावला. हात दिसला मात्र, आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्ये काढून टाका," ती म्हणाली. "हळदीत असला हात चालत न्हाई. अपशकून हाय."

"कुणाचा हात आहे हा?" मी विचारलं.

पूजा स्क्रीनजवळ गेली. मधल्या बोटाचं नख उभं चिरलेलं होतं, त्यावर तिने बोट ठेवलं.

"आईचा हाय," ती म्हणाली. "इळा लागलाता तिला. हळदीच्या दिशी आई मागं पातेली घासत बसलीती. रांडमुंड बाईची सावली नगं म्हून काकूनं तिला म्होरं येऊच दिलं न्हाई. म्या दोनदा हाक मारली, ताई. तिला कुणी उठू दिलं न्हाई."

"रीतच हाय ती," चुलती म्हणाली. "म्या काय नवीन केलं?"

त्यानंतर मला त्या वासाने नव्हे, त्या बाईच्या शेजारी उभं राहण्याने ढवळायला लागलं. दीर गेला की जावेला खरकट्यात बसवायचं आणि वर रीत म्हणून सांगायचं. मी तिला जिन्यात जाऊन थांबायला सांगितलं.

पूजाने फाईल पेनड्राईव्हवर मागितली. दिली. तिच्या लॅपटॉपवर लावली तर हात नाही. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग केलं, त्यातही नाही. हातात घेऊन कुठे न्यायची म्हटली की फाईल पुन्हा साधी होते. तो हात फक्त आमच्या खोलीत, आमच्या वायरीच्या टोकाला दिसतो.

म्हणून ती महिन्यातून एखाद्या दुपारी सासरहून येते. मी फाईल लावते आणि बाहेर गॅलरीत जाते, कारण तो वास मला आजही सहन होत नाही. ती मात्र खिडकी उघडू देत नाही. आता याहून वेगवान स्विच बाजारात आलेत आणि दादा मागे लागलाय. मी त्याला हात लावू दिलेला नाही.

हे काय आहे, मला माहीत नाही. पुण्याच्या दोन जाणकारांना विचारलं, त्यांनी केबल बदलायला सांगितली. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, पण लिंबू उतरवायला सांगू नका.

आणि हो, चुलतीचा परवा फोन आला होता, लग्नाची फाईल हवी म्हणून. मी तिला हार्डडिस्कवरची काढून दिली. त्या फाईलीत सगळं कसं शुभ-शुभ आहे. बघितलं तरी ओकारी येते.