मालक बेपत्ता

शेजारच्या काकी कशानं गेल्या हे मला माहीत आहे, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती तर त्यांच्या भिंतीलगतच्याच खोलीत झोपते.

लढाईची वर्षं होती. काकींचा एकुलता मुलगा पलटणीत गेला, तेव्हा घराला कुलूप घालून त्या भावाकडे राहायला गेल्या. कवठे महांकाळच्या पलीकडची कुठलीशी वाडी. नाव गल्लीत कुणालाच धड सांगता येईना. मागं राहिली त्यांची भिंत. कौलं सरकलेली, मातीत पाणी मुरलेलं, आणि भिंतीला पोट सुटलेलं ते सगळं माझ्या खोलीकडे. बायको रहिमतपूरला माहेरी बाळंत झाली होती, महिन्याभरात यायची होती. पाळण्याची कडी नेमकी त्या भिंतीलगतच्या तुळईत. भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा आणि डोकं तापायचं. पण भिंत दुसऱ्याची. मालकाच्या होकाराशिवाय ढेकूळ काढायची सोय नव्हती.

म्हणून म्युनिसिपालटीत गेलो. मागणं एवढंच: मालकाचा, म्हणजे काकींच्या मुलाचा, नाहीतर काकींचा पत्ता द्या, मी लिहितो.

पहिल्या खेपेला कारकून म्हणाला, साहेब फिरतीवर आहेत. मग म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला, तर तो न वाचताच बाजूला सारून म्हणाला, "पत्ता कशाला हवाय? सोयरीक जमवायचीय?"

मागचे लोक हसले.

"भिंत अंगावर येतेय माझ्या. मालक पलटणीत, आई त्याची भावाकडे, कवठे महांकाळच्या पलीकडं."

"पडली की या. पंचनामा करू."

"अहो, मालकाचा पत्ता तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

"आमच्याकडे मालक म्हणून अजून त्याच्या आज्याचं नाव आहे. त्याचा पत्ता देतो की! ओढ्याकाठी, मसणवटीत."

माझा आवाज चढला, त्याचाही चढला. टेबलावर हात आपटून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा तो ओरडला, "एकदा सांगितलं ना? मालक बेपत्ता आहे! बेपत्ता!"

त्याला म्हणायचं होतं, पत्ता नोंदलेला नाही. ते मला तेव्हाच कळलं होतं. पण त्या वर्षांत हा शब्द असा भिरकावायचा नव्हता. पलटणीची तार आली की शाळेतला मास्तर ती घरच्यांना वाचून दाखवी. पोरगा मेला नसेल आणि सापडतही नसेल, तर मास्तर हाच शब्द उच्चारी, आणि त्या घरची चूल विझे.

माझ्या मागं एक मनेरचाचा उभा होता. मिरजेकडचा, वाड्यावस्त्यांवर बांगड्या भरत फिरणारा. जत्रेत दुकान मांडायची परवानगी मागायला आला होता. त्यानं हळूच विचारलं, "कोन बेपत्ता? त्यो पलटनीतला?"

"तोच," मी फणकाऱ्यानं म्हणालो आणि बाहेर पडलो.

काकींच्या भावाच्या सुना त्याच्याकडूनच बांगड्या भरत, हे मला मागाहून कळलं. ज्या पत्त्यासाठी मी खेटे घातले, तो माझ्या पाठीमागंच उभा होता. मी वळून विचारलं नाही.

जत्रा सरली आणि काकी आल्या. मिरजेला गाडी बदलून, एकट्या. स्वतःचं कुलूपही न काढता माझ्या ओट्यावर बसल्या.

"खरं सांग लेकरा. कचेरीत काय म्हनलं?"

"बेपत्ता म्हणाले, काकी."

"तू सोता ऐकलंस?"

"व्हय. माझ्या कानांनी."

एकही शब्द खोटा नव्हता. त्याचीच आज जास्त चीड येते. खोटं बोलायचीसुद्धा धमक नव्हती माझ्यात. 'काकी, तो कारकून नुसता पत्त्याचं बोलत होता,' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण त्यांच्या खांद्यावरून मला ती भिंत दिसत होती.

त्या म्हणाल्या, "लई दिस कागूद आला न्हाई, तवाच मला कळाय पायजे हुतं." मग त्यांनीही भिंतीकडे पाहिलं. "तुज्या अंगावर आलीया जनू. पाड बाबा. आता कुनासाठी राखायची?"

मी दुसऱ्याच दिवशी गवंडी लावला. नव्या भिंतीची दोरी अर्धा हात त्यांच्या बाजूला सरकवून धरली. गवंडी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "बघतोस काय? धर," मी म्हणालो.

काकी वाडीला परतल्या आणि त्यांनी अन्न सोडलं. भाकरी पुढं आली की म्हणायच्या, त्यो कुटं जेवला आसंल. पावसाळा सरायच्या आत गेल्या. मुलाचं पत्र दिवाळीला पोचलं. खुशाल होता.

लढाई संपल्यावर तो आला आणि आई बसली होती तिथंच येऊन बसला.

"दादा, मी जित्ता असताना आईला हे कुनी सांगितलं?"

"कचेरीतून आलं ते," मी म्हणालो. पुन्हा खरंच बोललो!

तो उठला तो तडक कचेरीत. सगळ्यांच्या देखत त्यानं कारकुनाच्या थोबाडीत ठेवून दिली. कारकून गाल धरून ओरडत होता, "अहो, पत्ता नाही, असं म्हणालो मी! पत्ता!" लोक म्हणाले, आता बघा कशी पळवाट काढतोय. मी दारात उभा होतो. तो कारकून उद्धट होता, आळशी होता, आठवला की आजही माझं रक्त तापतं. पण त्या दिवशी तो खरं सांगत होता, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी चप्पल घालून घरी आलो.

मुलानं पुढं ते घर तसंच ठेवलं आणि मिरजेला बिऱ्हाड केलं. या वेळी पत्ता मला कुणाला विचारायला नको. त्याच्या दारावरून मी जाऊन आलोय, कडी वाजवली नाही.

त्याची अर्धा हात जमीन माझ्याकडे आहे. ती परत करायची आहे, आणि मला सगळं ठाऊक होतं, हे त्याला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे.