जबडामास्तरांची फळी

"आ कर! अजून! अबे, तोंड उघडाले बी जोर लागते का तुले?"

जबडामास्तर ओरडत होते आणि खुर्चीत साक्षात चिखलीचे फौजदार बसले होते. ते आले होते रस्ता विचारायला. पण मास्तरांना चेहरा म्हणून ओळखू येत नसे. सख्खी बहीण दारात आली तरी आधी तिला आ करायला लावत आणि मग म्हणत, "तू होय! बस." फौजदारांच्या तोंडात डोकावून ते एकदम नरमले. "साहेब, तुम्ही? आधी बोलाचं ना. पोळ्याले तुमचीच दाढ काढली मी."

माझं बांगड्यांचं दुकान त्यांच्या शेजारी, मध्ये नुसता बांबूचा तट्टा. दाढ त्यांच्याकडे निघे आणि किंकाळीनं बांगड्या माझ्याकडे फुटत.

कवळी करण्याआधी मास्तर टाळूचा प्लास्टरचा साचा घेत आणि नाव घालून फळीवर मांडत. "वरच्या दातामागं जीभ फिरवून पाह्य. वखराच्या तासासारख्या वळ्या लागतात. दोन मानसाच्या सारख्या निघाल्या तर मिशा भादरीन," असं ते येईल त्याला सांगत. गिऱ्हाईक वारलं की त्याचा साचा पैनगंगेत सोडून यायचा, हा त्यांचा नेम. मेहकरकडचे कोळी म्हणत, आजकाल जाळ्यात मासे कमी आणि टाळवाच जास्त येतात.

मग कापसाच्या जिनाला, सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. धूर नागपूरला लाटसाहेबाच्या डोळ्यांत गेला असेल, एवढी. आतून एक देह निघाला, ओळख न पटणारा. हमाल किसन बेपत्ता होता. पण मलकापूरला काम बघायला जातो, असंही तो बोलला होता. बैलाच्या लाथेनं त्याचे पुढचे दात गेलेले, कवळी मास्तरांच्याच हातची. ओझी उचलताना तो ती काढून ठेवी, म्हणून देहाच्या तोंडात कवळी असण्यानसण्याला अर्थ नव्हता. तोंड मात्र घट्ट मिटलेलं, त्यामुळं टाळू शाबूत राहिली होती. फौजदारांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर किसनचा साचा उपरण्यात गुंडाळून निघाले, मी सोबतीला.

त्यांनी वाकून पाहिलं. साचा पाहिला. पुन्हा वाकले. मान वर केली तेव्हा दाराशी किसनची बायको गंगू उभी होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कडेवर पोर.

"किसन नोहे हा," मास्तर म्हणाले.

देह बेवारशी म्हणून जाळला गेला. किसन परतला नाही. तेव्हा गावानं ठरवलं की तो मलकापूरच्या कुण्या बाईबरोबर पळाला. गंगू दर संक्रांतीला माझ्याकडे हिरवा चुडा भरायला येई आणि बायका तिच्या तोंडावर विचारत, नवऱ्याची नवी बायको कोणत्या बांगड्या घालते गं? तट्ट्यापलीकडं मास्तरांची पकड थांबायची. हळूहळू त्यांच्या बढाया आटल्या. मिशांची पैज तर कायमची बंद. ज्याच्या 'आ कर'नं बाजारातली गाढवं तोंड उघडायची, तो माणूस रोग्याशी कानगोष्ट केल्यासारखा बोलू लागला.

गंगूच्या केसांत पांढरं दिसू लागलं तेव्हा ती त्यांच्याकडे दाढ काढायला आली. पकड भांड्यात ठेवल्याचा आवाज मला तट्ट्याच्या अलीकडं ऐकू आला.

"गंगू, तो किसनच होता वं. तुह्या कपाळाकडं पाह्यलं अन् माही जीभ वळली नाही. तुह्या पोराले बापाले अग्नी देता आला नाही. भल्या मानसाले गावानं पळपुटा म्हटलं. हे सारं माह्यामुळं."

"मले तवाच समजलं होतं," गंगू म्हणाली. "दुसऱ्या रोजी फळीवर त्याचा साचा नव्हता."

"मंग इतके वर्स लोकाचं काऊन ऐकून घेतलं?"

"कुकू ठेवाचं होतं," ती म्हणाली. "काढा दाढ."