टेट्राच्या अलीकडे

"थांबा, होतंय," असं म्हणून ताई उजव्या हाताचा तळवा समोर धरायच्या. बोलताना कुणाची जीभ अडली की आपल्याला शब्द पुरवायची घाई होते, तुम्हालाही होत असेल. ताई ती घाई तळव्याने थोपवायच्या.

भोपाळच्या टी. टी. नगरातल्या आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. मूळच्या नागपूरकडच्या. नवरा गेल्यावर दोन मुली एकटीने वाढवल्या, आणि नोकरी अजून कंत्राटावर. कायम व्हायचं तर तोंडी परीक्षा. ताई दोनदा नापास झाल्या होत्या. वय निघून चाललेलं, त्यामुळे तिसरी खेप शेवटची.

पाण्याचा कठीणपणा मोजायला एक रसायन लागतं, इथिलीन-डायअमीन-टेट्रा-ॲसिटिक ॲसिड. ताईंची जीभ 'ट'वर हटकून अडायची आणि परीक्षकांना वाटायचं, बाईला येतच नाही. आम्ही आळशी माणसं नुसतं ईडीटीए म्हणून मोकळे होतो. तेवढंच म्हणा, असं मी शहाणपणाने सुचवलं.

त्या हसल्या. "सर, त्यातही ट आहेच ना. अडायचंच तर पूर्ण नावावर अडते."

मग बाटल्या धुताना सराव सुरू झाला. बाटली पाच पाण्यांनी खळबळायची, दर पाण्याला नावाचा एक तुकडा. पहिलं पाणी इथिलीन, दुसरं डायअमीन. तिसरं पाणी फार वेळ चालायचं. डाय म्हणजे दोन, टेट्रा म्हणजे चार, हे माझ्याकडून समजून घेतलेलं. आमच्याइतक्या लख्ख बाटल्या त्या वर्षी अख्ख्या भोपाळात नसतील.

परीक्षेला प्रयोगशाळेतर्फे मीही समोर बसलो होतो. बाहेरून आलेल्या साहेबांनी नेमकं तेच नाव विचारलं. इथिलीन झालं, डायअमीन झालं, आणि ताई अडल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला राहवलं नाही. "टेट्रा," मी म्हणून टाकलं.

"सर, ते तुमचं झालं," ताई म्हणाल्या. "मी पहिल्यापासून म्हणते."

आणि म्हटलं. टेट्राला किती वेळ गेला कोण जाणे, पण नाव पुरं झालं. वर कुठला तुकडा कशासाठी, तेही न विचारता सांगितलं. मला माझ्या दयेची लाज वाटली.

ताई कायम झाल्या. गेल्या महिन्यात त्यांची कोलार रोडच्या प्रयोगशाळेत बदली झाली. निरोपाचं बोलायला उठल्या आणि टी. टी. नगरचं नाव घेताना पहिल्याच अक्षरावर अडल्या. आम्ही दहाबारा जण होतो. समोसे गार होत होते. कुणी शब्द पुरवला नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. आम्हाला कुठेही जायचं नव्हतं.