आडवा मामा

मी मुलुंडला तळमजल्यावर राहतो आणि सुखी आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत निभतं. त्याच्या वर खिडकी दिसली की पायांना मुंग्या येतात. आणि सुई? ती टोचावी लागतच नाही, नुसती दिसली तरी मी पडतो. ऑफिसातल्या रक्तदान शिबिरात फक्त फुकटच्या बिस्किटांसाठी गेलो होतो, तर रक्त दिलेल्या लोकांनीच मला उचलून पंख्याखाली नेलं. तेव्हापासून ऑफिसात कोणी टाचणी मागितली तरी सगळे आधी माझ्याकडे बघतात.

माझी मोठी बहीण, ताई, लग्न होऊन दिंडोशीला एकविसाव्या मजल्यावर राहायला गेली. मी तिला भेटायला जायचो, पण खालीच. सोसायटीच्या बागेतल्या बाकावर ती थर्मासमध्ये चहा घेऊन उतरायची. "ये रे वर, पडदे लावते," म्हणायची. मी म्हणायचो, "पुढच्या वेळी." असं आमचं झकास चाललं होतं.

मग भाची झाली आणि तिचे कान टोचायचं ठरलं. आमच्यात कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर लागतं. सोनार घरी येऊन सोन्याच्या तारेने टोचतो आणि मामा बाळाचं डोकं धरतो. म्हणजे उंची आणि सुई एकाच दिवशी, वर हातात बाळ. वाट लागली.

ताईच्या सासूबाईंनी सरळ सांगितलं, "मामांना जमायचं नाही, बाळासकट पडतील. शेजारच्यांना बसवू मामा म्हणून." बाई चुकीचं बोलल्या नव्हत्या. पण मला ते लागलं. आई-बाबा गेले, ताईच्या माहेरचं माणूस म्हणून मी एकटाच उरलोय. माझ्या जागी शेजारी बसला, तर ताईला माहेर ते कुठलं? "मीच येणार," मी फोनवर म्हणालो, आणि लगेच घाम फुटला.

त्या दिवशी लिफ्टमध्ये डोळे घट्ट मिटून उभा राहिलो. ताईने सगळे पडदे ओढून भर दुपारी ट्यूबलाइट लावली होती आणि माझा पाट भिंतीकडे तोंड करून मांडला होता. तिचंच डोकं. सोनारकाका आले, त्यांनी पिशवीतून तार काढली, आणि मला त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू यायला लागला. ताईने माझा चेहरा ओळखला.

"आडवा हो," ती म्हणाली.

"काय?"

"गादीवर आडवा हो. झोपलेला माणूस पडून पडणार कुठे?"

मी झालो आडवा. तिने भाचीला माझ्या छातीवर पालथं घातलं. सोनारकाका कुरकुरले, "आजवर मामाच्या मांडीवर टोचलेत. छातीवर कधी नाही."

"तुम्ही कान बघा हो," सासूबाई म्हणाल्या. "मामा आहे ना खाली, मग झालं."

मी भाचीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. तार दिसलीच, इतक्या जवळून दिसणार नाही कशी. पहिल्या कानाला भाचीने असा टाहो फोडला की वरचं छत गरगरायला लागलं. पण पाठीखाली गादी होती, आणि मी हात सोडले नाहीत. दुसऱ्या कानाला तिने माझा गळा ओरबाडला. मग संपलं.

ताई तिला घ्यायला वाकली, पण भाची माझी कॉलर सोडेना. हुंदके देत तिथेच झोपली. सासूबाई कुंकवाचं तबक घेऊन आल्या. मी उठायला लागलो तशा म्हणाल्या, "पडून राहा, मामा. जागी होईल ती." गुडघे दुखत असूनही त्या खाली बसल्या, मी आडवा असतानाच माझ्या कपाळाला टिळा लावला आणि मानाचा नारळ माझ्या उशाशी ठेवला.

मला रडू आलं. आडव्या माणसाचं पाणी गालावर येत नाही, सरळ कानात जातं. पुसायला माझे हात मोकळे नव्हते. ताई शेजारी फरशीवर बसली. ओढणीच्या टोकाने तिने आधी माझा एक कान पुसला, मग दुसरा. "कान तिचे टोचले रे," ती म्हणाली, आणि त्याच टोकाने स्वतःचे डोळे पुसले.